आधी भरती, मग तास: गोव्यात खाडीच्या पाण्यावर काम सुरू करणाऱ्या नव्या अध्यापकांसाठी

गोव्यातल्या एखाद्या महाविद्यालयात किंवा ताळगाव पठारावरच्या विद्यापीठात पर्यावरणशास्त्र शिकवायला नुकतेच रुजू झाला असाल आणि मांडवी, झुवारी, साळ यांपैकी एखाद्या नदीच्या पाण्यावर वर्षभराचं काम उभं करायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. उपकरणं कमी असली तरी हे काम होतं. पहिल्या वर्षाची मेहनत वाया जाते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने: नमुना कधी घ्यायचा हे महाविद्यालयाच्या वेळापत्रकावरून ठरतं. शनिवारी तास नसतात, म्हणून शनिवारी सकाळी दहा वाजता बाटल्या भरल्या जातात. वर्षाअखेर आलेख काढायला बसलं की कळतं, आपण ऋतू मोजलाच नाही, भरती-ओहोटी मोजली.

शनिवारचा घोळ

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. त्या दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, आणि एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणून रोजची भरती कालच्यापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. इतकं सगळ्यांना ठाऊक असतं. याचा आठवड्यावर काय परिणाम होतो, ते मात्र कागदावर मांडून पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

दर शनिवारी दहाला गेलात तर एका शनिवारी भरती लागलेली असते आणि पुढच्या शनिवारी त्याच वेळेला जवळपास ओहोटी. क्षारता, म्हणजे पाण्यातलं मिठाचं प्रमाण, वर-खाली नाचते, त्यातून काहीच निघत नाही. एक शनिवार सोडून एक गेलात तर फसगत जास्त मोठी होते. चौदा दिवसांनी भरती जवळजवळ त्याच वेळी येते, फक्त ४० मिनिटं आधी. आकडे शांत आणि सुरेख दिसतात. पण ही ४० मिनिटं साचत जातात आणि साधारण नऊ महिन्यांत पूर्ण फेरा होतो. क्षारता हळूहळू चढली, मग हळूहळू उतरली, असा जो वळसा आलेखात दिसतो, त्यात पावसाचा भाग किती आणि सरकत्या भरतीचा किती, हे नंतर कुणालाही वेगळं काढता येत नाही.

उपाय सोपा आहे. वार धरू नका, टप्पा धरा. उदाहरणार्थ, 'भर भरतीनंतर दीड तासाच्या आत, उधाणाच्या (पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांत' असा एक नियम ठरवा आणि वर्षभर तोच पाळा. हात पोहोचत असेल तर उधाणाला एक आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला, एक अशा महिन्याला दोन फेऱ्या करा. ऑगस्टच्या भांगाची तुलना एप्रिलच्या भांगाशीच करायची, हे कायम लक्षात ठेवा.

वेळा काढण्यासाठी मुरगाव बंदराचं भरतीचं छापील कोष्टक वापरा. बेत आखताना कोळ्यांचा पाऊणपटीचा हिशेब उपयोगी पडतो: पंधरवड्यातल्या तिथीला पाऊणने गुणलं की भर भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दुपारची आणि रात्रीची, दोन्ही याच हिशेबाने. तो ढोबळ आहे, नोंदवहीत कोष्टकाचीच वेळ लिहायची. पण त्यातून एक पक्की गोष्ट उमगते. आपल्याकडे उधाणाची भर भरती नेहमी दुपारच्या किंवा मध्यरात्रीच्या जवळ येते, आणि उधाणाची खोल ओहोटी पहाटे किंवा संध्याकाळी. चिखलातले खुबे-तिसऱ्या मोजायच्या असतील, खारफुटीच्या मुळांत शिरायचं असेल, तर पहाटे पाचला निघण्याची तयारी ठेवा. दुपारी ओहोटी हवी असेल तर ती अष्टमीच्या आसपास मिळते, पण तेव्हा भांग असतो आणि पाणी पुरतं उतरत नाही.

कोष्टकातली वेळ मुरगावची असते. नदीत आत जाल तशी भरती उशिरा पोहोचते. किती उशिरा, हे आपल्या जागेवर एकदा स्वतः मोजा: धक्क्याच्या खांबाला पाच-पाच सेंटिमीटरच्या खुणा केलेली पट्टी बांधा आणि पाणी चढत असताना तीन-चार तास दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहा. एवढ्यानेच त्या जागेचा फरक हाती येतो. पाणी चढायचं थांबलं म्हणजे प्रवाह त्याच क्षणी उलटतो असंही नाही. पाण्यात सुकं पान टाका, ते कुठे जातं ते बघा आणि तेही लिहा.

जागा

सुरुवातीला होडी भाड्याने घेऊ नका. मांडवीवर फेरीबोटीच्या धक्क्यांची चांगली रांग आहे: पणजी–बेती, रायबंदर–चोडण, जुने गोवे–दिवाडी, नार्वे–दिवाडी. वर खाऱ्या पाण्याचा माग घ्यायचा असेल तर आमोणे, वळवई करत गांजेपर्यंत जाता येतं. स्कूटरवर बर्फपेटी बांधून एका माणसाला भरतीच्या एकाच टप्प्यात तीन-चार जागा होतात. दहा जागांचा मोह सोडा. दहाव्या जागेपर्यंत पोहोचता पोहोचता भरतीची ओहोटी झालेली असते, आणि मग पहिली व दहावी जागा एका तक्त्यात शेजारी ठेवायला अर्थ उरत नाही.

धक्क्यावर एक पथ्य पाळावं लागतं. फेरीबोटीचा पंखा तळाचा गाळ उपसतो आणि पाण्यावर तेलाचा पातळ तवंग येतो. बोट सुटून गढूळपणा बसेपर्यंत थांबा आणि प्रवाह जिकडून येतोय त्या बाजूला बादली टाका. नमुन्यापूर्वीची शेवटची बोट किती वाजता गेली, त्याची नोंद ठेवा.

मांडवी आणि झुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. तिथे पाण्यात उतरून नमुना घ्यायचा नाही, काठावर पाण्याकडे पाठ करून वाकायचं नाही आणि विद्यार्थ्यांना पाय सोडून बसू द्यायचं नाही. लांब दोरीची बादली आणि उंच जागा, एवढंच.

खाजनात शिरताना

खाजन म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीवर काम करणाऱ्यांनी पाण्याइतकीच माणसं समजून घ्यायला हवीत. बांधाच्या आत शेत, शेताला लागून पोंय म्हणजे पाण्याचा साठा, आणि पोंय व नदी यांच्यामध्ये मानस म्हणजे पाणी अडवणाऱ्या-सोडणाऱ्या दारांची वाट. भरतीच्या दाबाने मानशीची दारं मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो, म्हणून दार कधी अडवायचं आणि कधी मोकळं सोडायचं हे तिथला माणूस ठरवतो. त्यामुळे आतल्या पाण्याला बाहेरची भरती जशीच्या तशी लागू होत नाही. नमुने मानशीच्या दोन्ही बाजूंनी, दहा मिनिटांच्या अंतराने घ्या आणि दार उघडं होतं, मिटलेलं होतं की फळी घालून अडवलेलं होतं, ते लिहा. या एका रकान्यावाचून खाजनातली आकडेवारी वाचताच येत नाही.

शेताची अवस्थाही टिपा. जूनच्या पावसाने मातीतलं मीठ धुऊन गेलं की कोरगुटसारखी खारं पाणी सोसणारी भातं पेरतात. कापणीनंतर पुन्हा खारं पाणी आत घेतात, मग मासळी आणि कोळंबी. पावसाळ्यातलं खाजन आणि उन्हाळ्यातलं खाजन ही पाण्याच्या दृष्टीने दोन वेगळी ठिकाणं आहेत.

पहिल्या दिवशी बाटल्या नेऊ नका, नुसते जा. शेतकऱ्यांच्या संघटनेच्या माणसाला भेटा, मानशीवरच्या माणसाशी बोला. "खंयचे तुमी? उदक कित्याक व्हरतात?" (कुठले तुम्ही? पाणी कशाला नेता?) हे विचारलं जाणारच. सरळ, खरं उत्तर तयार ठेवा: कुठल्या महाविद्यालयाचे, काय मोजणार, किती महिने येणार, आकडे कोणाला देणार. जमिनीचे आणि पाण्याचे वाद गावागावांत आहेत. बाटली घेऊन आलेला अनोळखी माणूस कुणाच्या बाजूचा, ही शंका रास्तच असते. दर सहा महिन्यांनी एका पानावर, मराठीत किंवा कोंकणीत, आपले आकडे त्यांना लिहून द्या: क्षारता इतकी, ऑक्सिजन इतका, कुठल्या महिन्यात काय बदललं. शेताला पाणी कधी घ्यायचं, हे ठरवायला त्यांना क्षारतेचा आकडा लगेच कामी येतो.

चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात पाय ठेवायचा असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. अर्जात जागा, तारखा, माणसांची नावं, काय गोळा करणार आणि किती, हे सगळं नेमकं द्या. 'मातीचे नमुने' असं लिहिण्यापेक्षा 'पाच ठिकाणांहून प्रत्येकी २०० ग्रॅम वरची माती, दोन महिन्यांतून एकदा' असं लिहिलेल्या अर्जावर उलट प्रश्न कमी येतात. पहिल्या फेरीच्या किमान दोन महिने आधी अर्ज द्या.

आदली संध्याकाळ

पोषकद्रव्यांच्या बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून, नंतर ऊर्ध्वपातित पाण्याने पाच-सहा वेळा विसळून, झाकण लावून ठेवलेल्या असाव्यात. फॉस्फेटच्या बाटलीला भांडी धुण्याचा साबण कधीही लावायचा नाही. खुणा पेन्सिलीने, कागदी पट्टीवर, वरून पारदर्शक टेप. मार्करची शाई बर्फपेटीत पुसली जाते आणि संध्याकाळी बारा कोऱ्या बाटल्या समोर उभ्या राहतात.

पीएच-मीटर ७ आणि १० च्या द्रावणांवर लावून घ्या. सवयीने ४ आणि ७ वर लावला जातो, पण खाडीचं पाणी ८ च्या जवळ असतं, म्हणजे मोजायचा आकडा त्या दोन खुणांच्या बाहेरच पडतो. क्षारतेचा रिफ्रॅक्टोमीटर ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्याला आणा, तोही सावलीत. पावसाळ्यात क्षारता ५ च्या खाली गेली की त्याचा भरवसा धरू नका, कंडक्टिव्हिटी मीटर न्या. ऑक्सिजनचा प्रोब असेल तर त्यात त्या जागेची क्षारता भरायला विसरू नका. ३० अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात सुमारे ७.५ मिलीग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, पूर्ण खाऱ्या समुद्राच्या पाण्यात सुमारे ६.२. क्षारता शून्य ठेवून समुद्राचं पाणी मोजलं तर आकडा साधारण पाचव्या हिश्शाने फुगतो आणि पाणी आहे त्याहून निरोगी दिसतं.

ऑक्सिजनची बाटली

प्रोब असला तरी रसायनं घालून ऑक्सिजन मोजायची विंकलर पद्धत हाताला बसलेली हवी. प्रोब बिघडतो, त्याचा पडदा फाटतो. बाटली आणि ब्युरेट मात्र आपली आपल्या हाताखाली राहतात. शिवाय विद्यार्थ्यांना पाण्यातला ऑक्सिजन डोळ्यांनी दिसतो तो इथेच, म्हणून या भागावर वेळ द्या.

प्रत्येक जागेवर सगळ्यात आधी ऑक्सिजनची बाटली भरायची, बाकी सगळं नंतर. ३०० मिलिलिटरची, काचेचं तिरकं झाकण असलेली बीओडी (जैविक ऑक्सिजन मागणी) बाटली घ्या. बादलीतून ओतून भरू नका, ओतताना हवा मिसळते. बादलीच्या तळाशी तोटी बसवून त्याला रबरी नळी जोडा, किंवा पाणी खोलीवरून आणणारं नमुनायंत्र वापरा. नळीत बुडबुडा उरणार नाही अशी ती चिमटून काढा. नळीचं टोक बाटलीच्या तळाला टेकवा, पाणी संथ सोडा आणि बाटली भरून बाटलीच्या दुप्पट पाणी वरून वाहून जाऊ द्या. नळी पाणी चालू असतानाच हळूहळू वर घ्या. बाटली तिरकी धरून तिच्या खांद्याशी बघा. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी ओतून टाका आणि पुन्हा भरा.

आता २ मिलिलिटर मँगनीज सल्फेट, पिपेटचं टोक पाण्याच्या जरा खाली ठेवून. लगेच २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड, तसंच. दोन्ही पिपेटना वेगळ्या रंगाची टेप गुंडाळा, कारण एकाच पिपेटने दोन्ही द्रावणं घेतली की साका पिपेटमध्येच धरतो आणि पुढच्या सगळ्या बाटल्या बिघडतात. अझाइड विषारी आहे, पिपेट तोंडाने ओढायची नाही, रबरी फुगाच वापरायचा.

झाकण तिरकं आत सरकवा, म्हणजे हवा अडकत नाही. बाटली पंधरा-वीस वेळा उलटी-सुलटी करा. आत दाट लोळ उठतात. रंग तपकिरी झाला म्हणजे ऑक्सिजन आहे, जितका गडद तितका जास्त. साका पांढराच राहिला तर पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही. उन्हाळ्यात, पाणी साचून राहिलेल्या पोंयीच्या तळाशी पहाटे असं दिसू शकतं. असं दिसलं तर चूक झाली असं समजून बाटली फेकू नका, दुसरी भरून खात्री करा. साका अर्ध्यावर बसला की पुन्हा एकदा उलटी-सुलटी करा आणि बसू द्या. खाऱ्या पाण्यात तो सावकाश बसतो, घाई करू नका.

इथपर्यंतचं काम काठावर किंवा होडीत. सल्फ्युरिक आम्ल मात्र हलत्या होडीत नेऊ नये. साका बसलेली बाटली झाकणाच्या कडेला पाणी भरून, काळ्या कापडात गुंडाळून, अंधारात ठेवली तर त्याच दिवशी प्रयोगशाळेत पुढचं काम करता येतं. उन्हात ठेवलेल्या बाटलीचा आकडा टाकून द्या.

प्रयोगशाळेत झाकण अलगद काढून २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल गळ्याच्या काचेवरून सोडा, झाकण लावा, हलवा. साका विरघळून मधासारखा पिवळा रंग येतो. बाटलीतले तपकिरी कण पूर्ण जाईपर्यंत थांबा. त्यातलं २०३ मिलिलिटर फ्लास्कमध्ये घ्या. २०३ का, तर दोन्ही द्रावणांनी मिळून ४ मिलिलिटर पाणी बाहेर ढकललेलं असतं, आणि २०३ मध्ये मूळ नमुना २०० मिलिलिटर येतो. आता ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट. रंग गवताच्या काडीसारखा फिका पडला की मगच स्टार्चचे थेंब. गडद असतानाच स्टार्च घातलं तर आयोडीन त्याला घट्ट धरून बसतं आणि शेवटचा थेंब कुठला हे कळत नाही. निळा रंग पहिल्यांदा जातो तो आकडा. थोड्या वेळाने निळसर छटा परत आली तर ती धरायची नाही. या मापात थायोसल्फेटचं १ मिलिलिटर म्हणजे १ मिलीग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन, वेगळं गणित करावं लागत नाही.

थायोसल्फेट लिटरला ६.२०५ ग्रॅम घेऊन बनवतात, पण ते टिकत नाही. प्रत्येक फेरीला नव्याने प्रमाणित करा. मागच्या महिन्याची मात्रा गृहीत धरली की त्या महिन्याच्या सगळ्या जागा एकदम वर किंवा खाली सरकतात, आणि तो बदल नदीचा वाटतो.

एक गोष्ट अजून. ऑक्सिजन दिवसभरात बदलतो: पहाटे सगळ्यात कमी, दुपारी उन्हात शेवाळ व वनस्पतिप्लवकांमुळे जास्त. उधाणाची भर भरती दुपारी आणि ओहोटी पहाटे-संध्याकाळी येत असल्याने हे दोन बदल एकमेकांत गुंततात. वर्षातून दोनदा, एकाच जागी, सलग २५ तास, दर दोन तासांनी मोजणी करा. विद्यार्थ्यांच्या पाळ्या लावा. त्या एका रात्रीच्या आकड्यांवरून बाकीच्या वर्षाचा अर्थ लागतो.

संध्याकाळची गाळणी

गाळायचं काम त्याच दिवशी व्हायला हवं. पोषकद्रव्यांसाठी काचतंतूच्या फिल्टरमधून गाळलेलं पाणी उणे २० अंशाला गोठवा, बाटली तीन-चतुर्थांशच भरा, नाहीतर बर्फाने फुटते. हरितद्रव्यासाठी ५०० मिलिलिटर गाळायचा बेत असतो, पण पावसाळ्यात मांडवीचं तांबडं पाणी २०० मिलिलिटरलाच फिल्टर बंद पाडतं. जितकं गाळलं तितकं लिहा आणि थांबा. पंपाचा दाब वाढवला की पेशी फुटतात. फिल्टर ९० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये, अंधारात, फ्रीजमध्ये, २४ तास.

तरंगता गाळ मोजताना नव्यांची हमखास चूक म्हणजे फिल्टर धुवायचा राहतो. समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे ३५ मिलीग्रॅम मीठ असतं. फिल्टरमध्ये अर्धा मिलिलिटर पाणी राहिलं तर वाळल्यावर १७ मिलीग्रॅम मीठ वजनात चढतं. २५० मिलिलिटर गाळलेलं असेल तर हिशेबात लिटरला जवळपास ७० मिलीग्रॅम खोटा गाळ येतो. म्हणून ऊर्ध्वपातित पाण्याने तीन वेळा, कडेपर्यंत धुवा. मग १०३ ते १०५ अंशाला तासभर वाळवून, डेसिकेटरमध्ये गार करून वजन. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की सिलिका जेल दर आठवड्याला ओव्हनमध्ये वाळवावं लागतं.

बीओडी आपल्याकडच्या मानकानुसार २७ अंशाला तीन दिवस ठेवतात. मंगळवारी नमुना घेतला तर शुक्रवारी मोजणी येते. गुरुवारी घेतलात तर रविवारी प्रयोगशाळा उघडावी लागेल, हे आधीच बघा. खाऱ्या पाण्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) करू नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला १९ हजार मिलीग्रॅमच्या घरात क्लोराइड असतं, डायक्रोमेट त्यालाच खातो, आणि येणारा मोठा आकडा प्रदूषणाचा नसतो. तरीही असे आकडे प्रकल्प-अहवालांत बिनधास्त छापले जातात, आणि त्यावरून नदीवर शिक्का बसतो. हे थांबायला हवं.

पावसाळा

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. छोट्या होडीतून नमुने घेणंही या काळात बंद ठेवा. धक्का, पूल आणि बादली यांवर भागवा. पुलावर एक जण फक्त वाहनांकडे बघायला. नमुन्याआधीच्या ४८ तासांत किती पाऊस पडला ते लिहा, कारण एका जोरदार सरीनंतर पणजीपर्यंतच्या वरच्या थराचं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि खाली खारं तसंच असतं. म्हणून पावसाळ्यात वरचं आणि तळाचं असे दोन नमुने हवेतच. मे अखेरीस आणि ऑक्टोबरमध्ये दुपारनंतर विजा कडाडतात. मोकळ्या बांधावर असाल तर गडगडाट ऐकू येताच सामान उचला.

खाजनाच्या चिखलात गुडघाभर गमबूट आणि हातमोजे. पायाला जखम असेल त्या विद्यार्थ्याला काठावर वहीचं काम द्या. चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. फेरीनंतरच्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना 'चिखलात काम केलं होतं' हे आपणहून सांगायचं, हे प्रत्येकाला लिहून द्या. बांधावर खेकड्यांची बिळं असतात, ओला बांध वरून घट्ट दिसतो आणि पायाखाली खचतो. पुढचा माणूस काठी टोचत चालेल, मागचे त्याच्याच पावलांवर.

वीज जाते तेव्हा गोठवलेले नमुने वितळतात. जनित्रावर चालणारा फ्रीझर कोणता, हे जूनच्या आधी विचारून ठेवा. फ्रीझरमध्ये बर्फाच्या वाटीवर एक नाणं ठेवा. नाणं तळाला गेलेलं दिसलं तर मध्ये बर्फ वितळून पुन्हा गोठला, हे कळतं.

तास, विद्यार्थी आणि मार्च

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. हे तास पाच-सहा दिवसांत विखुरले की खाडीला वेळ उरत नाही. सत्राचं वेळापत्रक बनण्याआधी, भरतीच्या तारखा हातात घेऊन विभागप्रमुखांना भेटा. 'बुधवारची प्रात्यक्षिकं एकत्र द्या' अशी मोघम मागणी मान्य होत नाही. या सहा महिन्यांत बारा तारखांना मला सकाळी बाहेर जायचं आहे, त्या दिवशीचे तास अमुक वारी भरून देईन, असा कागद पुढे ठेवला की बोलणं सोपं होतं. चवथीच्या सुट्टीत प्रयोगशाळा बंद असते, त्या पंधरवड्याची फेरी आधीच्या उधाणाला उरका.

फेरीला तीन विद्यार्थी पुरे: एक बाटल्यांना, एक उपकरणांना, एक वहीला. पोहता येतं का हे विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी होडीत जीवरक्षक जाकीट बांधूनच बसवा. एकाच जागी भरलेल्या तीन बाटल्या म्हणजे तीन नमुने नव्हेत, हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा. त्या बाटल्या आपला हात किती स्थिर आहे ते दाखवतात, नदीतला फरक दाखवत नाहीत.

निधीचा खर्च ३१ मार्चच्या आत दाखवावा लागतो, आणि फिल्टर, रसायनं नेमकी मे महिन्यात संपतात. वर्षभराचे फिल्टर फेब्रुवारीतच मागवा.

वही

जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही, पेन्सिलीने लिहायची. प्रत्येक नोंदीला: जागा, तारीख, घड्याळाची वेळ, मुरगावची भर भरती किती वाजता, पाणी चढतं की उतरतं, उधाण की भांग, हवा, ४८ तासांतला पाऊस, मानशीची स्थिती, शेवटची फेरीबोट, पाण्याचा रंग आणि वास, बाटल्यांचे क्रमांक, कोणी भरलं. खोडरबर वापरायचा नाही. चुकलेला आकडा एका रेघेने खोडा, वर नवा लिहा, खाली सही करा. घरी पोहोचायच्या आधी पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये टाका. आकडे त्याच रात्री तक्त्यात भरा. दुसऱ्या दिवशी सात आणि एकमधला फरक ओळखू येत नाही, आणि तेव्हा ती पेन्सिल धरणारा विद्यार्थी परीक्षेला बसलेला असतो.